तिसरी तसबीर

१

यतिन बर्वेच्या दारातून तिसरे पार्सल नाहीसे झाले, त्या दुपारी त्याच पायपुसण्यावर नव्या टॅब्लेटचा खोका तसाच पडून होता. चोराने तो उचलून बाजूला ठेवला होता आणि त्याखालचा चपटा, जड खोका तेवढा नेला होता.

सप्टेंबर २०२१. मेलबर्नचा सहावा लॉकडाऊन. वेरिबीतल्या त्या कोर्टात, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या गल्लीत, परका माणूस फिरकत नव्हता. कुणाच्या घरी जायला बंदी होती, गेल्यास दंड होता. दुकाने बंद, म्हणून सगळे सामान दारात येऊन पडत होते.

यतिनने कुरियरच्या चॅटवर तक्रार केली. उत्तर आले, की पार्सल पोचले आहे, सोबत फोटो पाहा. फोटोत त्याचेच दार होते. फोटो छापून देणाऱ्या कंपनीने पहिल्या वेळी दुसरी प्रत फुकट पाठवली. तीही गेली. तिसरी त्याने दुसऱ्या कंपनीकडून मागवली. पोलिसांच्या ऑनलाइन तक्रारीला एक क्रमांक मिळाला, त्यापुढे काही मिळाले नाही.

शेवटी त्याने दोन घरे सोडून राहणाऱ्या मेधा दामलेला फोन केला. मेधा विमा कंपनीत चोरीचे क्लेम तपासते. लॉकडाऊनमध्ये तिच्याकडे बहुतेक दारातल्या पार्सलांचेच क्लेम येत होते, आणि त्यातले बहुतेक ती नामंजूर करत होती, कारण पोचल्याचा फोटो असतो आणि चोरीचा नसतो.

ती त्याच्या ड्राइव्हवेच्या टोकाला मास्क लावून उभी राहिली. यतिन गाडीला टेकून उभा होता.

"पार्सलात काय होतं?"

त्याने आधी मागे घराकडे पाहिले. "आईचा फोटो. फ्रेम केलेला."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा तोच."

यतिनची आई श्यामलाताई मेमध्ये चिंचवडला कोविडने गेल्या, हे मेधाला माहीत होते. भास्कररावांना, म्हणजे यतिनच्या वडिलांना, माहीत नव्हते. नातीच्या बारशासाठी ते २०२०च्या फेब्रुवारीत एकटेच आले. श्यामलाताई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर येणार होत्या. तेवढ्यात सीमा बंद झाल्या. डिसेंबरात भास्कररावांच्या हृदयाच्या दोन वाहिन्यांत स्टेंट घातले गेले आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. मेमध्ये बातमी आली, तेव्हा यतिनने ती त्यांना सांगितली नाही. आईचा आवाज गेलाय, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हटलंय, असे घरात ठरले. चिंचवडहून यतिनचा चुलतभाऊ शिरीष तिच्या फोनवरून तिच्या नावाने मेसेज लिहू लागला.

"दर महिन्याच्या तिथीला मी गराजमध्ये पान वाढतो," यतिन म्हणाला. "मोबाइलवर तिचा फोटो उघडून. गेल्या खेपेला मध्येच हॉस्पिटलचा फोन आला, आणि फोटो गेला. म्हणून म्हटलं, एक फ्रेम असावी. गराजमध्ये टायरमागे राहिली असती."

"मग आता भीती कसली आहे?"

"चोराने उघडून बघितलं, आपल्या कामाचं नाही म्हणून इथेच कुठेतरी टाकलं, आणि कुणी भल्या माणसाने उचलून दारात आणून दिलं तर? बेल वाजली आणि दार बाबांनी उघडलं तर?" त्याने पुन्हा घराकडे पाहिले. "ते जातील, मेधा. मग दोघंही गेलेले असतील, आणि मी एकालाही पोचलो नाही असं होईल."

मेधाने पायपुसण्याकडे पाहिले. "टॅब्लेट सोडून फ्रेम नेणारा चोर मी अजून पाहिला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खोक्यात काय आहे हे त्याला कळत होतं."

२

शौनक पार्सलांची व्हॅन चालवायचा. नाशिकहून कुकरीच्या कोर्सला आला होता, आता पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, होता. मेधाने त्याला गल्लीच्या तोंडाशी थांबवले.

"ताई, कंपनीने मला आधीच दोनदा विचारलंय. तिसऱ्यांदा विचारलं की घरीच बसवतील."

"मी कंपनीकडून आलेले नाही. खोक्यावर काय लिहिलं होतं, तेवढं सांग."

"काच आहे, सांभाळून न्या. बाकी पत्ता. फोटो-बिटो काही छापलं नव्हतं."

"हातात घेतल्यावर काय वाटलं?"

"चपटं आणि जड. आरसा असेल असं वाटलं मला."

त्याने आपल्या फोनमधले पोचवल्याचे फोटो दाखवले. तिन्ही चपट्या खोक्यांचे, शिवाय नॅपीच्या खोक्याचा आणि मसाल्यांच्या पार्सलाचा. मेधा एकेक फोटो मोठा करून पाहत राहिली. दार, पायपुसणे, शेजारी चपलांचा रॅक. रॅकवर यतिनची बायको मयूरा हिच्या चपला, मुलगी नुपूर हिचे गुलाबी गमबूट, मधला खण रिकामा. पाचही फोटोंत तसेच.

"इथे नेहमी दुपारीच येतोस?"

"दुपारीच. माझी फेरीच तशी लागते. चिटपाखरू नसतं. तो समोरचा म्हातारा गोरा असतो कधी व्हरांड्यात, ग्लेन. दोन खुर्च्या टाकून एकटाच बसलेला." शौनकने व्हॅनचे दार ओढले, मग पुन्हा उघडले. "त्याच्या दाराला कॅमेरा आहे, ताई. सरळ तुमच्या मित्राच्या दारावर बघतो. त्याला विचारलंत का?"

३

मेधाने ग्लेनची बेल दाबली तेव्हा कॅमेऱ्याभोवती निळा दिवा लागला. ग्लेनने जाळीचे दार उघडले आणि दोन पावले मागे उभा राहिला. पंच्याहत्तरीचा, रुंद, एकटा राहणारा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. स्वेटरच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा होता.

तिने इंग्रजीत विचारले, समोरच्या दाराचे काही रेकॉर्डिंग मिळेल का.

"सॉरी, लव्ह. कॅमेरा जूनपासून बंद आहे."

"आत्ता दिवा लागला."

ग्लेनने कॅमेऱ्याकडे असे पाहिले, जसे काही त्याने चुगली केली होती. "दिवा लागतो. बाकी काही चालत नाही. माझ्यासारखंच."

"त्या घरातून तीन पार्सलं गेलीत."

"ऐकलं."

"तुम्ही दुपारी इथेच बसता."

"माझं घर आहे. दुसरीकडे बसायला परवानगी नाही."

तो भांडत नव्हता. त्याला दार लावून घ्यायचे होते आणि सभ्यपणामुळे लावता येत नव्हते, एवढेच दिसत होते. मेधा व्हरांड्यावरून नजर फिरवत राहिली. दोन खुर्च्या. स्टुलावर दोन कप. एक काठोकाठ काळ्या कॉफीचा. दुसऱ्यावर बशी उपडी झाकलेली होती.

"कुणी येणार आहे का?"

"लॉकडाऊनमध्ये? दंड भरायला पैसे आहेत का माझ्याकडे?" त्याने जाळीचे दार ओढून घेतले. मग जाळीतून, हळू आवाजात म्हणाला, "मी चोर नाही. आणि मी शब्द दिलेला आहे. जे हरवलंय ते ज्यांचं आहे, त्यांच्या घरात आधी विचार."

४

यतिन ड्यूटीवर होता. तो हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनिअर होता, अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटर त्याच्याकडे असत, आणि त्या महिन्यात तो विभाग पुन्हा भरत चालला होता. मयूरा जेवणाच्या टेबलावरून बँकेचे काम करायची. ती हेडफोन गळ्यात ठेवून दारात आली.

"बाबा झोपलेत, हळू बोल."

"मग सरळच विचारते. तू घेतलेस का ते खोके?"

मयूरा हसली, पण रागावून. "मी घेतले असते तर लपवले नसते, मेधाताई. टेबलावर ठेवून म्हणाले असते, बाबा, बसा. मला हे नाटक पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. पण वडील त्याचे आहेत. उद्या काही झालं तर, तू सांगितलंस म्हणून झालं, हे मला आयुष्यभर ऐकायचं नाही."

"मेमध्ये कळल्यावर काय काय केलंत?"

"करायचं ते सगळं केलं. गराजमध्ये, गुरुजी लॅपटॉपवर. यतिनने डोकंसुद्धा केलं."

"बाबांनी विचारलं असेल."

"सांगितलं ना. केस कापायची मशीन घेतलीय, तिचा कंगवा निसटला, मग सगळेच काढावे लागले."

"मेच्या सुरुवातीला लॉकडाऊन नव्हता, मयूरा. सलून उघडी होती."

मयूराने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"आणि देवापुढचा दिवा?"

"सुतकात कसा लावणार? दहा दिवस देव तसेच होते. मला ताप आहे म्हणून सांगितलं."

"मागच्या वर्षी तुला खरंच ताप होता. टेस्ट करून आली होतीस."

"तेव्हा बाबांनी लावला होता दिवा." तिचा आवाज उतरला. "या वेळी त्यांनीही लावला नाही. माझ्या आत्ता लक्षात येतंय."

"आईंशी बोलायचंय म्हणून फोन मागतात का ते?"

"आधी रोज दुपारी भांडायचे त्यासाठी. आता नाही. शिरीषभाऊजींचे मेसेज वाचतात, तेवढंच."

"कधीपासून नाही?"

उत्तर मयूराला आता सापडले होते, आणि सापडल्याचे तिच्या तोंडावर दिसत होते.

"आता दुपारी झोपतात," ती म्हणाली. "खोलीचं दार लावून. मी मीटिंगमध्ये असते."

मेधाने रॅककडे बोट केले. मयूराच्या चपला होत्या, नुपूरचे गुलाबी गमबूट होते. मधला खण रिकामा होता.

"इथे कुणाचे बूट असतात?"

५

ग्लेनच्या घराला वळसा घालून मागच्या शेडकडे जाणारी वाट लिंबाच्या झाडाखालून जाते. मेधा शेडच्या उघड्या दाराबाहेर, कुंपणाशी थांबली. आत करवतीचा आवाज येत होता. तो थांबला आणि भास्करराव दारात आले. पायांत रॅकच्या मधल्या खणातले राखाडी बूट, अंगावर शाल, शालीवर भुसा.

"ये," ते म्हणाले. "आत नको येऊस. मी एक आहे तोच या बिचाऱ्याला जास्त झालाय. त्याला वाटतं, पोलीस रोज माझीच वाट बघत बसलेत."

आत ग्लेन कामाच्या टेबलाशी पाठ करून उभा राहिला. वरच्या फळीवर तीन चपटे खोके ओळीने उभे होते. तिन्हींची चिकटपट्टी शाबूत होती.

"उघडले नाहीत, काका?"

"काय उघडायचं? बारा बाय पंधरा, काच, मागे टांगायचा आकडा. चिंचवडला मी फ्रेमचंच दुकान चालवत होतो, तुला माहीत असेल. नुसतं उचललं तरी कळतं. तिसऱ्याचं मोल्डिंग, चौकटीची पट्टी, हलकं आहे, वर्षभरात कोपरे उघडतील." ते लिंबाखालच्या उपड्या बादलीवर बसले. "आणि या वयात, या घरात, यतिन गुपचूप कुणाची तसबीर मागवेल?"

"तुम्हाला मेपासूनच माहीत आहे."

"मुलगा टक्कल करून समोर येतो, देव पारोसे राहतात. बाई, सांगायचं नव्हतं तर पाळायचं नव्हतं. पाळायचं होतं तर सांगायचं होतं. यांनी दोन्ही केलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या कामातली चूक दाखवावी, तसे ते बोलत होते. "शिवाय शिरीष तिच्या नावाने लिहितो, औषध घेतलंत का, जेवलात का, थंडी फार आहे का. चाळीस वर्षांत ती माझ्याशी इतकी गोड बोलली नव्हती."

"मग सांगितलं का नाहीत यतिनला? आणि हे खोके?"

भास्कररावांनी शाल झटकली.

"दुकानात तसबीर करून घ्यायला लोक यायचे. वारलेल्या माणसाचा लहानसा फोटो द्यायचे, मोठा करा म्हणायचे. तेव्हा रडत नसत. दहावा असतो, तेरावा असतो, माणसं येतात, कामं असतात. मग न्यायला यायचे. मी कागद सोडवून तसबीर समोर धरली की मटकन खाली बसायचे. धट्टेकट्टे पुरुष. शेवटी मी काउंटरशी एक स्टूलच आणून ठेवलं."

आत ग्लेनने उगाचच एक पट्टी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"यतिन अजून बसलेला नाही," भास्करराव म्हणाले. "मे महिन्यापासून मी बघतोय. रोज त्या मशिनींमध्ये जातो, घरी येतो, गराजमध्ये कपडे बदलतो, हसतो आणि विचारतो, बाबा, आज काय केलंत. पहिला खोका मी सहज उचलला, आत न्यायला. उचलल्यावर कळलं. म्हटलं, आत्ता नको. हॉस्पिटलातली माणसं मशीनवर आहेत तोवर नको. तो बसला तर उठवणार कोण? मी?"

"त्याला वाटतं, कळलं तर तुम्ही जाल."

"मला वाटतं, तसबीर हातात आली की तो जाईल. म्हणजे आम्ही दोघं एकमेकांवर पहारा करतोय." त्यांनी फळीवरच्या खोक्यांकडे मान केली. "आपल्याच बायकोची तसबीर नेली तर तुझ्या कंपनीत काय म्हणतात?"

"क्लेम नामंजूर, एवढंच म्हणतात."

ते हसले. मेधाला वाटले, आता विचारण्यासारखे काही उरलेले नाही. काय गेले, नेले कुणी, का नेले, सगळे कळले होते, आणि त्यातून कुणाचेच काही सुटत नव्हते. विमान उडाले असते तरी यांना बसता आले नसते. पोचण्यासारखे तिकडे काही राहिलेही नव्हते.

"एक गोष्ट मला काढता आली नाही," भास्करराव म्हणाले. "तिथी."

"म्हणजे?"

"दिवा कुठल्या दिवशी थांबला ते माझ्या लक्षात आहे. पण ती त्याच दिवशी गेली का? तिकडे तेव्हा स्मशानात नंबर लागत होते. शिरीषने कधी कळवलं, यतिनने ते किती दिवस खिशात ठेवलं, मला काय ठाऊक. तो गराजमध्ये पान वाढतो, मला वास येतो. पण मयूरा अधूनमधून एरवीही वडे करते. नेमका दिवस धरता येत नाही." त्यांनी मेधाकडे सरळ पाहिले. "चुकीच्या दिवशी तिच्या नावाने पाणी सोडत असेन, तर ते कुठे जात असेल?"

"मला माहीत नाही तिथी, काका. विचारावी लागेल."

"विचार. माझं नाव मात्र घेऊ नकोस. तू हुशार आहेस, काढ काहीतरी निमित्त."

६

मयूराला विचारता आले असते. तिने सांगितली असती, मेधाने ती भास्कररावांना पोचवली असती, आणि त्या घरात आणखी एक गुपित वाढले असते. मेधाने संध्याकाळी यतिनलाच फोन लावला. तो नुकताच घरी आला होता. गराजमध्ये कपडे बदलत होता, फोन स्पीकरवर होता.

"लागला काही पत्ता?"

"खोके सुरक्षित आहेत. तिन्ही. कुणी उघडलेले नाहीत, कुणी दारात आणून टाकणार नाही. चौथा मागवू नकोस."

यतिनने सुटकेचा श्वास टाकल्याचे ऐकू आले. "थँक यू. कोणी नेले? ग्लेनने?"

मेधाने निमित्त शोधून ठेवले होते. क्लेमच्या कागदांचे, गुरुजींचे, स्वतःच्या सासूच्या श्राद्धाचे. त्यातले एकही तिने वापरले नाही.

"आधी मला एक सांग. काकूंची तिथी कोणती?"

"चैत्र वद्य पंचमी." उत्तर लगेच आले, कारण महिनोन्‌महिने तो ती एकटाच मोजत होता. मग तो म्हणाला, "हे कशाला? क्लेमला तिथी लागते?"

"नाही. क्लेमला तारीखसुद्धा लागत नाही."

"मग तुला कशाला हवी?"

"मला नकोय, यतिन."

मेधा वाट पाहत राहिली. क्लेमच्या कामात हीच सवय तिला लागली होती, समोरच्याने स्वतः हिशेब लावेपर्यंत आपण बोलायचे नाही. या कोर्टात, या देशात, त्या बाईची तिथी माहीत नसलेला आणि ती हवी असलेला माणूस कोण असू शकतो, ते लावायला यतिनला फार वेळ लागला नाही.

गराजमधून घरात जायचे दार उघडले. फोन तो तिथेच विसरला होता, चालूच होता. त्याची पावले ऐकू आली, भास्कररावांच्या खोलीपर्यंत. मधली दोन्ही दारे उघडीच राहिली असावीत.

"बाबा," यतिन म्हणाला.

फरशीवरून लाकडी स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"बस," भास्करराव म्हणाले.